मासळी न खाणारा राखणदार

चंद्रकांता आणि तो कुत्रा पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा तारापूरच्या कारखान्यांनी धूर सोडायचं थांबवलं, बोईसरच्या रिक्षावाल्यांनी आपण होऊन मीटर टाकले आणि पत्र्याच्या शेडमधली एकतीस कुत्री एकाच वेळी गप्प झाली. पहिल्या दोन गोष्टींना साक्षीदार नाही. तिसरी मात्र खरी, कारण त्या क्षणी एकतिसांपैकी तीस कुत्र्यांच्या तोंडात सुका बोंबील होता.

चंद्रकांता घिवलीची. पन्नाशी उलटलेली, आवाज असा की होडीवरच्या नवऱ्याला जेवायला बोलवायला तिला फोनची गरज पडत नाही. पावसाळा संपला की ती किनाऱ्यावरच्या खळ्यात बोंबील सुकवते. बांबू रोवायचे, त्यांना दोऱ्या बांधायच्या, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगायचे आणि मग दिवसभर कुत्र्यांच्या नावाने ओरडत बसायचं. गावातली कुत्री त्या दोऱ्यांखाली लग्नात वरपक्ष हिंडतो तशी हिंडतात. त्यात खळं पाच घरांचं सामाईक. बोंबील कुणाचाही जावो, भांडण पाचही घरांत होतं.

शेवटी चंद्रकांताने शोध लावला. गावचा कुत्रा राखणीला ठेवायचा म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या. राखणदार हवा मासळी न खाणारा. असा कुत्रा घिवलीत जन्मालाच येत नाही, म्हणून ती बोईसरला गेली. तिथे काही तरुण मंडळींनी एका पत्र्याच्या शेडमध्ये जखमी, बेवारस कुत्र्यांसाठी निवारा काढला आहे. रुचिता नावाची मुलगी औषधांच्या कारखान्यातली पाळी संपली की तिथे येऊन त्यांना खाऊपिऊ घालते, आणि कुत्रा न्यायला आलेल्या माणसाची कसून चौकशी करते.

"मावशी, तुम्हाला कुत्रा का पाळायचाय?" तिने फॉर्म पुढे ओढला.

"थांब गो पोरी. आधी मला इचारू दे."

असं म्हणून चंद्रकांताने पिशवीतून सुके बोंबील काढले आणि पिंजऱ्यापिंजऱ्यातून तोंडी परीक्षा घेतली. तीस उमेदवार तीस सेकंदांत नापास. एकतिसावा तपकिरी होता, एका कानाचा. त्याने बोंबील हुंगला, शिंकला आणि पाठ फिरवून बसला.

"तो तसाच आहे," रुचिता म्हणाली. "फरसाणाच्या कारखान्यामागे वाढलाय. गाठिया खातो, मासे नाही."

"म्हंजे शेटच की! हाच दे मला."

नाव तिथेच ठरलं. रुचिताने अट घातली की एक महिना बघायचं, जमलं नाही तर ती शेटला परत नेणार. घिवलीत पोचल्यावर दुसरी अट शेजारच्या सुलूने घातली. "चंद्रे, ह्याने एका बोंबलाला तोंड लावलं ना, तर त्याच दिशी परत धाडायचा. मंग रडायचं नाय."

"हा? हा मासळीकडं बगत पन नाय!"

आणि खरंच, शेट बघत नव्हता. वरणभात खाऊन, चहात बुडवलेला पाव चाखून तो बोंबलांच्या रांगांखाली ध्यानस्थ बसे. चंद्रकांता जन्मभर कुत्र्यांना दगड मारत आलेली बाई, पण आठवड्याभरात तिने त्याच्यासाठी सावलीत खाट टाकली. नवरा धर्माजी जाळं विणता विणता म्हणाला, "तीस वर्सं मी या घरात हाय. मला कदी टाकलीस खाट?"

"तुमी मासळी खाता."

बोंबील मात्र रोज थोडे थोडे कमी होतच राहिले. सोळाव्या दिवशी भर दुपारी सुलूची आरोळी आली. चंद्रकांता धावली. खालच्या दोऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. गावची चार कुत्री पंगतीला बसली होती, आणि मधोमध शेट शेपूट हलवत उभा, घरचं कार्य असल्यासारखा, एकेकाला हुंगून 'सावकाश होऊ द्या' म्हणत. जी वस्तू आपण अन्नच मानत नाही, ती कुणी नेली तर भुंकायचं कशाला? आपल्या दारातला कचरा कुणी उचलून नेला, तर आपण कुठे आरडाओरडा करतो?

रविवारी रुचिता पाहणीला आली, तर पाचही घरं खळ्यात जमलेली. सुलूने तिला सगळं सांगितलं. रुचिताने पिशवीतून पट्टा काढला. तो बघून चंद्रकांता आडवी आली.

"सुलू, ठरलं काय होतं? ह्याने तोंड लावलं तर. लावलं काय ह्याने? एका तरी बोंबलाला?"

"नाय लावलं. पन लावू दिलं!"

"ते ठरलं नव्हतं."

"मावशी," रुचिता म्हणाली, "राखण करत नाही, तर तुम्हाला तो हवाय कशाला?"

चंद्रकांता गप्प झाली. घिवलीच्या इतिहासात ही घटना नवीन होती. शेट तिच्या पायावर सगळं वजन टाकून बसला होता, त्यामुळे तिला जागचं हलताही येईना.

"मी रोज इचारते, जेवलास काय रे?" ती म्हणाली. "तर हा तोंड वर करून माज्याकडं बगतो. आमच्या घरात दुसरा कोन बगतो?"

धर्माजीने जाळ्यातून मान वर काढली आणि परत खाली घातली.

सुलूने पदराने नाक पुसलं. "ठेव मेल्याला. पन राखण तू कर. तुज्या आवाजापुढं कुत्रा लागतोच कशाला?"

रुचिताने पट्टा पिशवीत टाकला, फॉर्मवर सही केली आणि जाताना दोन किलो बोंबील घेऊन गेली. उरलेला सगळा हंगाम चंद्रकांताने काठी घेऊन खळ्यात काढला. शेट शेजारी खाटेवर.

पावसाळ्यानंतर पाच घरांनी मिळून खळ्याला तारेची जाळी मारली. दोन दिवसांचं काम होतं.