लाल त्रिकोण वाचणाऱ्या ऑपरेटरबाई

संगणकाच्या पडद्यावर लाल त्रिकोण आला की तुमचे-आमचे हात आखडतात. ऑपरेटरबाईंचा चेहरा खुलायचा. चष्मा नाकावर घेऊन, खुर्ची पुढे ओढून अशा बसायच्या, की जणू माहेरचं कुणी दारात आलंय आणि आता निवांत गप्पा होणार. त्रिकोणाखाली बारीक इंग्रजी अक्षरं असतात ना, जी आपण कुणी कधी वाचत नाही, ती त्या मोठ्याने वाचायच्या. आख्खी. मधल्या टिंबांसकट.

लालबागच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला म्हणून ऑपरेटरबाई. खरं नाव सुमती, पण ते पोस्टमनखेरीज कुणाच्या तोंडी नव्हतं. लग्न केलं नाही. डोंबिवलीला एक पुतण्या, त्याने आपला जुना कंप्युटर त्यांना आणून दिला. मला वाटलं, आता ह्यावर क्रोशाचा रुमाल पडणार आणि वर फुलदाणी येणार. पण बाई शिकल्या, आणि शेजारधर्म म्हणून मलाही शिकवलं. माझी शाळा सातवीतच सुटलेली, बरं का.

त्या म्हणायच्या, "लाइन लागत नाही, एवढं सांगून काय उपयोग? एंगेज आहे, मेली आहे, की नंबर चुकलाय? तिन्हींचा आवाज वेगळा." तसंच ह्या लाल पडद्याचं. पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ना, ते काय असतं, हे त्यांनी मला भाजी निवडता निवडता समजावलं. आपण एखाद्या साइटच्या दारात गेलो की ती आधी आपला दाखला दाखवते. त्यावर नाव असतं, मुदत असते आणि दाखला कुणी दिला त्याची सही असते. आपला कंप्युटर तिन्ही तपासतो आणि मगच कडी काढतो. दाखल्यावरचं नाव वेगळं निघालं की बाई म्हणायच्या, "भाड्याची पावती आजोबांच्या नावावर आणि दार उघडायला नातू. आपल्या चाळीत चालतं हे, इथे नाही चालत." सही भलत्याचीच असली तर, "ह्याने स्वतःच स्वतःला चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिलाय." इतकं सोपं करून सांगायच्या की मला वाटायचं, हे मला आधीपासूनच ठाऊक होतं.

गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडायचं त्या दिवशी अर्धी गॅलरी त्यांच्या खोलीत. आम्ही सगळे कोकणातले, आमचा जीव त्या तिकिटात. बाई सगळ्यांची नावं, वयं भराभर टाइप करायच्या. बदल्यात मागणं एकच, येताना आमसुलं आणा. त्या स्वतः मात्र कुठेच जात नसत. गावचं घर पडलं होतं, जागा चुलतभावांकडे गेली होती. आम्ही सगळे गेलो की रिकाम्या गॅलरीतल्या आमच्या कुंड्यांना पाणी घालायच्या.

त्या वर्षी आमच्या सासूबाईंची तब्येत उतरली होती. फोनवर एवढंच म्हणाल्या, "यंदा सगळ्यांनी येवा. माका सगळ्यांक एकदा बघूचा आसा." तेव्हापासून आमच्या ह्यांना घास गोड लागेना. तिकीट मिळालं नाही तर आईची भेट राहील, ही एकच धास्ती.

बुकिंगच्या सकाळी बाईंनी साइट उघडली आणि पडदा लाल.

हे म्हणाले, खाली 'तरीही पुढे जा' असं काहीतरी असतं, ते दाबा आणि चला. बाई म्हणाल्या, बँकेचा पासवर्ड द्यायचाय ह्यात, दारात कोण उभं आहे ते न बघता कडी काढू? आणि शांतपणे वाचायला लागल्या. सर्ट. डेट. इनव्हॅलिड. म्हणजे दाखल्याची मुदत गेलेली. बाहेर गॅलरीत शेजारच्या पोराला मोबाईलवर तिकीट मिळाल्याचा गलका झाला आणि ह्यांचा तोल सुटला.

"तुमची गावी वाट बघणारं आहे कोण? तुम्हाला काय कळणार आमची घाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी बँकेची साइट उघडून पाहिली, मग वर्तमानपत्राची. दोन्हीकडे तोच लाल पडदा. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्यांचेच दाखले एका रात्रीत बाद झाले आणि आपण तेवढे खरे, असं असतं का कधी?" आणि त्यांनी कोपऱ्यातली तारीख पाहिली. "अगो बाई. आपण पुढच्या सालात कधी पोचलो?"

हे गॅलरीकडे बघायला लागले. तेव्हा मला उलगडा झाला. आमचं गिरणी कामगाराचं घर. भोंग्याच्या आधी पोचायचं म्हणून घड्याळ पुढे ठेवायची रीत, गिरणी गेली तरी आमचं घड्याळ पुढेच. आदल्या संध्याकाळी बाई दूध आणायला गेल्या असताना ह्यांनी कंप्युटरची तारीखच गणपतीपर्यंत पुढे नेली होती. आपली तारीख पुढे, तर आपल्याला खिडकी आधी उघडेल, हा हिशेब. त्या गडबडीत सालही एक पुढे सरकलं. मग कंप्युटर बिचारा काय करणार, त्याच्या लेखी साऱ्या जगाच्या दाखल्यांची मुदत संपलेली.

मला हसू येत होतं आणि रडूही. बाई हसल्या नाहीत. तारीख जागेवर आणली, साइट मुकाट उघडली. तोवर वेटिंग लागलं होतं. ह्यांचं नाव टाइप केलं, माझं, मुलाचं, सुनेचं. आता पैसे भरायचे, एवढ्यात हे खाकरले.

"अजून एक नाव घाला."

"कुणाचं?"

"तुमचं. आई म्हणाली ना, सगळ्यांनी."

इतक्या वर्षांत साऱ्या चाळीची नावं टाइप केलेली ती बोटं तिथेच थांबली. पदराने चष्मा पुसून झाला, परत पुसून झाला. मग मला हळूच विचारलं, "शालन, वय काय घालू गं?" मी म्हटलं, खरं तेच घाला बाई, नाहीतर पुन्हा त्रिकोण यायचा. तेव्हा कुठे हसल्या.

बाई रोज सकाळी वेटिंग बघत. तिकिटं हळूहळू कन्फर्म झाली आणि आम्ही सगळे गेलो, खिडकीच्या सीटवर बाई. सासूबाईंनी पडवीत बाईंचा हात धरून विचारलं, "तू खंयची गो?" आणि तो हात सोडलाच नाही. बाईंच्या मोदकांना धड कळ्या पडेनात, तर सासूबाई म्हणाल्या, गणपती चवीन खाता, कळ्ये मोजणा नाय. शिमग्याच्या आधी सासूबाई गेल्या. पण त्यांचं सगळ्यांना बघून झालं होतं.

पुढे चाळ पाडायला काढली. आम्ही परळला आलो, बाई पुतण्याकडे गेल्या. मागच्या थंडीत तिकडेच वारल्या.

यंदा गणपतीची तिकिटं मी माझी मी मोबाईलवर काढली. खातं बाईंनी काढून दिलेलं तेच, मागे प्रवास केलेल्यांची नावं त्यात आपोआप येतात, तर आमच्या चौघांखाली त्यांचं नाव, त्यांनी घातलेल्या वयासकट. ते पुसायचं कसं, हे मला येतं. बोट तिथवर नेलंही. हे शेजारी बसून बघत होते.

"राहू दे," म्हणाले. "खिडकीची सीट त्यांची होती."