बाबांच्या डाव्या कानाशी ठेवलेला स्पीकर

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी., विषय इलेक्ट्रॉनिक्स. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. निकाल लागला तेव्हा आईने मासळी विकता विकता अर्ध्या बंदराला सांगितलं होतं. तेव्हापासून बंदरावर जे बिघडेल ते माझ्याकडे यायला लागलं. मोबाइल, मिक्सर, एकदा तर बर्फवाल्याचा वजनकाटा. त्यामुळे मच्छीमार सोसायटीतल्या रेडिओवरचं बोलणं बाबांना कळेना झालं, तेव्हा तेही काम माझंच ठरलं.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे. सोसायटीचं ऑफिस धक्क्याला लागून आहे आणि त्यातल्या टेबलावर एक स्कॅनर आहे, रीतसर परवानगी काढून घेतलेला. त्याच्यावरून बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. बोटींच्या वायरलेसचे चॅनल तो एकामागून एक चाळत बसतो आणि कुठे कोणी बोललं की तिथे थांबतो. बोटी माघारी फिरून किनाऱ्याच्या टप्प्यात आल्या, की त्यांच्यावरचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे म्होरके, आपसात काय बोलतात ते इथे ऐकू येतं.

बाबा स्वतः तांडेल होते. गुडघे गेले तेव्हा बोट काकांनी घेतली आणि बाबा त्या स्कॅनरसमोरच्या खुर्चीत बसले. पगार नाही, चहा सोसायटीचा. काम एकच. ऐकायचं आणि बाहेर शेडमध्ये पाट्या घेऊन बसलेल्या बायकांना हळूच जाऊन सांगायचं, कोणाची बोट येतेय, काय लागलंय. त्यावर बायका बर्फ मागवायच्या आणि व्यापाऱ्यांसमोर भाव किती ताणायचा ते ठरवायच्या. आईसुद्धा त्यांच्यातच. घरी बाबांचं एक ऐकणार नाही, पण शेडमध्ये त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

पण ते कान इंजिनाच्या घरघरीत झिजलेले. कोणीतरी बोलतंय एवढं त्यांना कळायचं, काय बोलतंय ते कळेना. “सेट मेलाय,” ते म्हणायचे. सेट ठणठणीत होता. कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं, ते डबीत पडून. “वारा लागला का शिट्टी मारतंय. माणसाचा ऐकू का त्याचा ऐकू?”

मग एक दिवस सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाबांना आता घरी आराम करू दे गं. खुर्चीवर दुसरा कोणीतरी बसवू.” वाईट माणूस नाही तो. खरंच बाबांच्या भल्याचं बोलत होता. पण घरी आराम करणारे बाबा माझ्या डोळ्यांसमोर येईनात. बोट काकांकडे गेली तेव्हा ते आठवडाभर ओटीवर बसून जुनं जाळं उसवत होते. पुन्हा विणायचं नव्हतंच. नुसतं उसवत होते.

मी म्हटलं, थोडे दिवस द्या.

स्कॅनरचा स्वतःचा स्पीकर चहाच्या बशीपेक्षा लहान, आणि तो बसवलाय खालच्या अंगाला. म्हणजे तो टेबलाशी बोलतो, माणसाशी नाही. पण मागे बाहेरच्या स्पीकरची पिन घालायला जागा असते. पिन घातली की आतला गप्प होतो, बाहेरचा बोलायला लागतो. सोपं काम.

सोपं होतं, पण काकांना कळलं. संध्याकाळी टेम्पो दारात.

“ह्यो घे,” काका म्हणाले. “हळदीतला बॉक्स हाय. ह्याच्यावर म्हाताऱ्याला नाय आयकू आला तर मग देवच मालक.”

आमच्याकडे लग्नाच्या हळदीला जो बॉक्स लागतो तो कपाटाएवढा असतो. त्याची परीक्षा छातीवर. छाती हादरली तर बॉक्स चांगला. मी म्हटलं, “काका, ह्याला स्कॅनरची ताकद पुरणार नाही. आणि हा नाचायचा आवाज आहे, बोलायचा नाही.”

“तू शिकलेली हायस, तू जोड. मी आणून दिला.”

वेगळा अॅम्प्लिफायर मध्ये घालून जोडला. काकांचं मन मोडवेना. पहिलाच तांडेल बोलला तो पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. सगळा घुमारा, शब्द एक नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं हलत होतं.

बाबा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “कोनाची हळद हाय?”

काका बॉक्स घेऊन गेले.

बाबांच्या कानांना जाड आवाज पोचत होताच. गेला होता तो वरचा, बारीक आवाज, ज्याच्यामुळे शब्दाला कड येते. म्हणजे मोठा स्पीकर नको, कडक बोलणारा हवा. रेवसहून लाँच धरली, मुंबईला उतरले, दोन-चार दुकानं हिंडले आणि एक लहान भोंगा घेऊन आले. भोंग्याला ताकद थोडी लागते, नुसत्या स्कॅनरवर चालतो, आणि माणसाचा आवाज सुरीसारखा काढतो. वायर कल्हईची घेतली, कारण आमच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं बघता बघता हिरवं पडतं. बाबांना सारखं आत-बाहेर करायला नको म्हणून भोंगा खिडकीत टांगला, तोंड शेडकडे. शेडमध्ये बायकांजवळ बसले तरी ऐकतील. मला माझी हुशारी फार आवडली होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर भोंगा बोलला. “खण भरलाय बोंबलांनी. मागच्या बोटीचापन भरलाय.” एकेक अक्षर वेगळं. बाबांनी मान हलवली, तांडेल कोण तेही ओळखलं. मी खूश.

पण शेडमध्ये नुसत्या बायका नसतात. व्यापारीही तिथेच काटे मांडून बसलेले असतात. बाबा इतकी वर्षं हळूच का सांगायचे, हे मला कोणत्याही पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. पहिली बोट लागली, लिलाव सुरू झाला, आणि एक व्यापारी पाटीवर हातसुद्धा ठेवेना. “घाई कसली, मावशी? मागनं अजून भरून येतायत. रेडिओच बोलला ना.” भाव जो बसला तो उठलाच नाही.

आई रिकामी पाटी घेऊन ऑफिसात आली.

“तुझ्या डिग्रीनं आज आमचा बाजार बसवला,” ती म्हणाली. “ह्यांना आयकू यावं म्हनून लावलास का दुश्मनाला?”

मागून दुसरी पाटीवाली मला म्हणाली, “ताई, तो भोंगा काढ आणि आमच्या तांडेलला बसव. तो निदान गप बोलतो.”

मी बाबांकडे बघितलं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं त्या दिवशी, कितीतरी वर्षांनी. आणि दिवसभर एकही बाई त्यांच्याजवळ विचारायला आली नव्हती. हात मांडीवर घेऊन बसले होते, ओटीवर बसायचे तसे. त्यांना ऐकवायच्या नादात मी त्यांचंच काम भोंग्याला देऊन बसले होते.

भोंगा त्याच दुपारी उतरवला. काकांनी तो गोविंदाला लागेल म्हणून नेला.

मग जो स्पीकर आणला तो अगदी साधा. पाव ठेवायच्या डब्याएवढं खोकं, आत छोटा स्पीकर, पडदा कागदी नाही तर कडक प्लास्टिकचा, म्हणजे दमट हवेत लोळागोळा होणार नाही. स्कॅनरच्या मागे आठ ओहम लिहिलंय, तर हाही आठचा. तो टेबलावर नाही ठेवला. बाबांच्या डाव्या खांद्याशी फळी ठोकली आणि तिच्यावर ठेवला, तोंड कानाकडे, कारण डावा कान जरा बरा आहे. आवाज एवढाच ठेवला, की दारात उभं राहिलं तर नुसती कुजबुज ऐकू येते.

“लांबून वरडन्यापेक्षा ह्यो बरा,” बाबा म्हणाले. “बाजूला बसून बोलतो.”

सेक्रेटरींनी खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही.

परवा सुट्टी होती म्हणून ऑफिसात गेले होते. बाबा कान फळीकडे करून बसलेले. जरा वेळाने उठले, गुडघा चोळत शेडमध्ये गेले, आईच्या पाटीजवळ वाकले आणि काहीतरी पुटपुटले. आईचा चेहरा मख्ख. तेवढ्यात काट्यामागून व्यापाऱ्याने हाक मारली, “काय तांडेल, येतंय का कोणी भरून?”

बाबांनी हात कानामागे नेला.

“मना काय आयकू येतंय बाबा आता,” ते म्हणाले. “म्हातारा झालो.”

आईने तोवर बर्फाला माणूस पाठवलासुद्धा होता.