साडूंनी म्हाताऱ्या केलेल्या गिटारी

नवी वस्तू जुनी करण्यासाठी माझ्या साडूंइतका घाम गाळणारा माणूस सबंध मावळात दुसरा नसेल. बाकीचं जग वस्तू वापरतं आणि ती आपोआप जुनी होते. तेवढा धीर साडूंना नाही. तळेगावच्या एका मोटारींच्या कारखान्यात त्यांनी सबंध नोकरी रंगखात्यात काढली. दारांवर एक ओरखडा राहू नये, एवढंच काम. निवृत्त झाले, लोणावळ्यात राहायला आले आणि त्यांनी ओरखडे पाडण्याचा धंदा सुरू केला. धंदा बेस गिटारींचा. चार जाड तारांची ही गिटार स्वस्तातली, नवी कोरी आणायची, आणि महिन्याभरात तिला तीस वर्षांची करून विकायची.

त्यासाठी ते गिटारीचे जे हाल करतात ते पाहवत नाहीत. पांढरं प्लास्टिक चहाच्या पाण्यात भिजतं. स्क्रू लिंबू-मिठात गंजतात. कडा सँडपेपरने घासल्या जातात, पाठीवर किल्ल्यांचा जुडगा आपटला जातो. लोणावळ्यात चपलेला चार दिवसांत बुरशी येते, म्हणून एक गिटार कायम न्हाणीघरात टांगलेली असते. एकदा वरचं पॉलिश तडकावं म्हणून गिटारीचं धड मानेपासून वेगळं करून त्यांनी फ्रीजमध्ये कोंबलं आणि मटार बाहेर काढून ठेवले. मेव्हणी म्हणाली, "मीही या घरात जुनीच झालेय. माझा भाव कधी वाढला नाही तो!"

शिवाय प्रत्येक गिटारीला एक चरित्र असतं. ही गोव्याच्या हॉटेलात वाजायची, त्या दुसरीचा मालक प्रेमभंगाने गेला. साडू खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. "असं ऐकलंय बुवा," एवढंच ते म्हणतात. ऐकलेलं असतं स्वतःच्याच तोंडून. पवनानगरला तंबूत राहायला येणारी शहरातली पोरं मात्र त्या ओरखड्यांवरून भक्तिभावाने बोटं फिरवतात आणि नव्या गिटारीला देणार नाहीत तो भाव देऊन जातात.

एकदा मी साडूंकडे बसलेलो असताना परंदवडीचे एक आबा आले. तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत बेस वाजवायचे. चादरीत गुंडाळलेली गिटार त्यांनी टेबलावर ठेवली.

"भाऊ, तुमी गिटारींचं काम करता म्हनं. जयंतीला आमची पार्टी परत उभी ऱ्हातीय. तेवढी नवी करून द्या."

"नवी?" साडूंना शब्दच कळेना.

"व्हय. ही घिऊन ष्टेजवर गेलो तर लोकं म्हनत्याल, म्हातारा आन् गिटार दोनी भंगारातनं आनलं."

साडू गिटारीकडे बघत राहिले. जिथे कोपर टेकतं तिथला रंग पार जाऊन लाकूड दिसत होतं. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत खळगा पडला होता. बाकी अंगावर साधा डाग नाही. साडूंचा आवाज एकदम मऊ झाला. "आबा, ही मला द्या. बदल्यात नवी कोरी देतो."

आबा खूश होऊन गेले आणि साडूंच्या लक्षात आलं, की घरात एकही नवी गिटार शिल्लक नाही. वेळ नव्हता. मग गोव्याच्या हॉटेलातली ती गिटार खाली उतरली. स्वतः केलेल्या प्रत्येक जखमेत पुट्टी भरून, लाल रंग चढवून साडूंनी ती आरशासारखी केली. मी हसून हसून बेजार झालो.

आबांची गिटार भिंतीवर लागली. मुंबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने ती उलटसुलट पाहिली. "काका, ही नकली वाटते. जुनी असती तर सगळीकडून झिजली असती ना!" असं म्हणून त्याने शेजारची, किल्ल्यांनी बडवलेली उचलली. मी पुन्हा हसलो. साडू हसले नाहीत.

जयंतीला ते मला परंदवडीला घेऊन गेले. गाडीत मागे आबांची गिटार. स्टेजवर पांढऱ्या शर्टातले आबा लाल गिटार घेऊन उभे होते. रुबाबदार दिसत होते, पण सारखे हाताकडे बघत होते. दोन गाण्यांच्या मध्ये ते खाली आले.

"भाऊ, लय देखनी केलीया. पन हात चुकतोय. माजी... इकली का वो?"

साडू उठून गाडीकडे गेले. आबांनी आपली गिटार गळ्यात अडकवली आणि कोपर त्या उघड्या लाकडावर ठेवलं. "लोकांना काय म्हनायचं ते म्हनू द्या," म्हणत ते वर चढले.

"चला, निघू या," साडू म्हणाले. लाल गिटार स्टेजच्या कडेला तशीच राहिली. गाव मागे पडलं तशी आधी पेटी ऐकू येईनाशी झाली, मग गाण्याचे शब्द विरले. भाताच्या खाचरांवरून फक्त आबांचा बेस येत होता. साडूंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि काच खाली केली. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.