वसंताच्या गाण्याची मी केलेली फोड

एकवीस वर्षांत जी गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नाही, ती आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं लिहिणं व्हायचं नाही. ‘उजेड माझ्या दारी, सारं गाव अंधारी’ या वसंताच्या गाण्याचा जो ‘आतला अर्थ’ राळेगावपासून दारव्ह्यापर्यंत लोक एकमेकांना सांगतात, तो वसंताच्या मनात कधीच नव्हता. तो मी रचला. ज्या म्हाताऱ्याला टोचावा म्हणून रचला, त्यानं मला समोर बसून विचारलं, “हा अर्थ वसंताचा का तुमचा?” तेव्हा मी सांगितलं, “वसंताचा.”

वसंता जाऊन दीड महिना झाला. शाळेत परिपाठ चालू होता, पोरं रांगेत उभी होती, आणि त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. “काका, बाबा गेले,” एवढंच ती बोलली. मी फोन खिशात ठेवला आणि परिपाठ संपेपर्यंत तसाच उभा राहिलो. त्या वेळी मनात पहिली गोष्ट काय आली, तेही लिहितो. दुःख नंतर आलं. आधी आलं ते असं, की आता वसंताला हे कधीच कळणार नाही… आणि क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला पुढं बोरीला, त्या म्हाताऱ्याच्या दारापर्यंत घेऊन गेली.

वसंता वीज कंपनीत लाइनमन होता आणि आमच्या गायन पार्टीचा मुख्य गायक. गाणी तोच लिहायचा. खांबावर चढलेला असताना ओळ सुचली, तर खालून शिडी धरणाऱ्याला ओरडून पाठ करायला लावायचा. पेटी आणि ढंग मात्र त्याला शिकवला लहानुजीदादांनी. हे बोरी अरबचे जुने गवई. आमच्या भागातल्या निम्म्या पार्ट्या त्यांच्या हाताखालून गेल्या. मीही गेलो होतो कोरसमध्ये बसायला. एकदा तालमीत दादांनी पेटी थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “मास्तर, तुमचा गळा बोलाचा हाय, गाण्याचा नाही. तुम्ही फोड करत जा.” सगळे हसले. मीही हसलो.

फोड म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडं जयंतीच्या कार्यक्रमात गाणं नुसतं सुरू होत नाही. आधी निवेदक उठतो, गाण्याचा मुखडा बोलून दाखवतो आणि त्यातलं मर्म लोकांपुढं उघडून ठेवतो. मग पेटी, मग टाळ्या. फोड जमली तर साधं गाणंही मंडप उचलून धरतं. माझी जमायची. लोक म्हणायचे, वसंता लिहिते ते ठीक, पण मास्तर सांगते तेव्हा समजते. दादांनी माझं कल्याणच केलं होतं म्हणा ना. पण तालमीतलं ते हसणं माझ्या कानातून गेलं नाही.

आता गाण्याचं. एका उन्हाळ्याच्या तोंडी वसंताच्या गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, अर्धी जळाली. दुसरी येईपर्यंत एका वेळी एकाच गल्लीचा भार ती सोसायची. एक दिवस या गल्लीला वीज, एक दिवस त्या, असं ठरलं आणि फ्यूज काढणं-घालणं वसंताच्या हाती आलं. प्रज्ञाची तेव्हा दहावीची परीक्षा होती. पंधरा दिवस त्यानं आपल्याच गल्लीला वीज ठेवली. लोकांना सांगितलं, तिकडच्या वायरमध्येच बिघाड आहे. समोरच्या गल्लीत त्याच वर्गातली एक मुलगी चिमणी लावून अभ्यास करायची. ती गणितात गेली. निकालाच्या दिवशी तिची आई वसंताच्या बायकोजवळ येऊन रडली, आणि वसंता आत बसून ते ऐकत राहिला.

हे मला त्यानं विहाराच्या पायरीवर बसून दुपारी सांगितलं, आणि मग खिशातून कागद काढला. म्हणाला, “मास्तर, हे गाणं नाही, हा कबुलीजबाब आहे. कोणाजवळ जाऊन सांगायची हिंमत नाही होऊन राह्यली. गाऊनच सांगतो लोकायले. तुम्ही फक्त समोरून रस्ता करून द्या.”

रस्ता करून देणं म्हणजे फोड. ते माझं काम होतं.

कळंबला पुढच्या वर्षी जयंतीचा मोठा मंडप होता. पहिल्या रांगेत लहानुजीदादा बसलेले, पांढरंशुभ्र धोतर, मांडीवर काठी. त्याच महिन्यात एक गोष्ट गाजत होती. दादांनी आपली गाण्यांची वही वसंताला न देता पोराला दिली होती. पोराचं मोबाइलचं दुकान, सुराशी त्याचा संबंध नाही. मी माइक धरला, मुखडा बोललो, आणि दादांकडं पाहून म्हणालो, “मंडळी, काही लोक उजेड घरच्या पेटीत कुलूपबंद करतात आणि शिष्यांना अंधारात ठेवतात. कोण ते मी सांगत नाही. पहिल्या रांगेला विचारा.” मंडप कोसळतो की काय अशा टाळ्या. सगळ्या माना दादांकडं वळल्या. वसंतानं पेटीवर हात ठेवलेला होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग गायला लागला, कारण लोक ओरडत होते. मुखडा संपायच्या आत दादा उठले आणि काठी टेकत मंडपाबाहेर गेले.

परतताना जीपमध्ये वसंता म्हणाला, “मास्तर, तुम्ही असं काहून बोलले?” मी म्हणालो, “लोकांना आवडलं ना?”  तो म्हणाला, “मले माह्यी चोरी सांगाची होती. आता कोणी आयकूनच नाही घेत.”

तिसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, लहानुजीदादा माझ्या शाळेत आले. दोन एसट्या बदलून. पोरं खिचडी खात बसली होती. ते व्हरांड्यात टेकले, पाणी प्यायले आणि तो प्रश्न विचारला. मी ‘मंडपातली मस्करी होती’ म्हणून हात जोडले असते, तर दादा दोन शिव्या देऊन घरी गेले असते. पण माझ्या तोंडून निघालं, “वसंताचाच.” त्यांनी पुन्हा विचारलं, “त्यानं सोता सांगतलं तुमाले?” मी म्हणालो, “हो.” “बरं झालं इचारून घेतलं,” एवढं बोलून ते उठले. पुढं वसंता दोनदा बोरीला गेला. दोन्ही वेळा अंगणातूनच ‘घरी नाहीत’ असं उत्तर मिळालं. वसंता मला सांगायचा, “मास्तर, चपला तं दारातच होत्या दादाच्या.” मी म्हणायचो, “म्हातारं माणूस आहे, निवळेल.”

गाणं मात्र सुटलं. लग्नात, वरातीत, मेमरी कार्डात, जिकडंतिकडं तेच. आणि अर्थ तर किती! राळेगावच्या एका टपरीवर मी स्वतः ऐकलं. एक म्हणत होता, “अबे, हे सरपंचावर हाय. रस्त्याचा लाइट त्यानं सोताच्या कोठ्यावर नाही लावला का?” दुसरा म्हणाला, “हट्! हे म्हाताऱ्या गवयावर हाय, मले मास्तरच्या साळ्यानं सांगतलं.” तिसऱ्याच्या मते ते सासूवर होतं. टपरीवाला म्हणाला, “चहाचे पैसे द्या, मंग कोणावर बी असू द्या.” लाइनमननं लिहिलेलं विजेचं गाणं, पण त्यात वीज आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी एकदा फोड करून ठेवली होती. त्यानंतर शब्दांकडं पाहायला कुणाला सवड?

शेवटची भेट यवतमाळच्या दवाखान्यात झाली. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वसंता वाळून काडी झाला होता, पण वरच्या फडफडणाऱ्या ट्यूबलाइटकडं बोट दाखवून नर्सला सांगत होता, “बाई, तिचा चोक गेला हाय. माह्या आधी तिले सलाईन लावा.” नर्स हसत गेली. मी खुर्ची ओढली, तोंड उघडलं… आणि त्यानं माझा हात धरला. “मास्तर, एक डाव दादाले भेटून या माह्या वतीनं. म्हणावं, वसंताच्या मनात काई नव्हतं.” मी मान हलवली. जे सांगायचं ते गिळून परत आलो.

वसंताच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाल्यावरच्या रविवारी बोरीला गेलो. दादा पंच्याऐंशीच्या आसपास आहेत, खाटेवरच असतात, कान मात्र शाबूत. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं बोललो. तालमीतलं हसणं, मंडप, शाळेचा व्हरांडा, माझं ‘हो’. पोपट बोलतो तसं बोललो असेन, पण काही वगळलं नाही. दादा भिंतीकडं पाहत होते. मग म्हणाले, “तं मंग खरा अर्थ काय होता?”

डीपी, फ्यूज, प्रज्ञाची दहावी, समोरच्या गल्लीतली मुलगी, सगळं सांगितलं. दादांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते. “म्हणजे चोर होता का तो!” डोळे पुसत म्हणाले. “अन् मी एकवीस वर्सं त्याले बेइमान समजून राह्यलो. चोर बरा रे मास्तर… चोर लय बरा.” मग म्हणाले, “लावा ते गाणं. मी मुखड्यातच उठून गेलतो. पुढचं कधी आयकलंच नाही.”

मी मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. तिसऱ्या कडव्यावर त्यांनी हात वर केला, पुन्हा लावायला लावलं.

फ्यूज काढला माझ्याच हातानं,
समोरची पोर वाचे चिमणीच्या वातीनं…

“अरे, इथं तं त्यानं सरळ सांगतलं हाय,” दादा म्हणाले. “झाकून काईच नाही ठेवलं. एवढ्या लोकायतून कोणालेच आयकू नाही आलं?”  मग तेच म्हणाले, “अन् मी तुमाले विचाराले दोन एसट्या बदलून आलो. त्याले विचाराले दारातून बाहेर नाही निंघालो. तुमच्या एकट्याचं नाही होय हे.” मग त्यांनी सुनेला हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं. तो चहा मी बसून प्यायलो. या एकवीस वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदाच बसलो होतो.

परतीच्या एसटीत मला झोप लागली. हे क्षुल्लक वाटेल, पण मला एसटीत कधी झोप लागत नाही. वाटेतली गावं कधी गेली कळलं नाही, यवतमाळला कंडक्टरनं हलवून उठवलं, “ओ सर, उतरायचं नाही का?” अंग कसं रिकामं, हलकं झालं होतं. वसंता नाही, हे दुःख त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट, दुसरं काही न मिसळता झालं. त्याची आठवण आली की मी आता मान खाली घालत नाही. खांबावरून ओरडणारा, ट्यूबलाइटला सलाईन लावायला सांगणारा माझा मित्र मला परत दिसायला लागला आहे. प्रज्ञाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काका, ते गाणं मी कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. बाबा लावू द्यायचे नाहीत.”

निघताना दादा म्हणाले होते, “मले सांगतलं, बरं केलं. पण मास्तर, तुम्ही माइकवर बोलले होते. मग माइकवरच सांगा.” या लेखानं ते होत नाही, मला ठाऊक आहे. मंडपातले निम्मे लोक पेपरची पुरवणी वाचत नाहीत. येत्या जयंतीला कळंबच्या मंडपात उभं राहून मला सांगायचं आहे, की हे गाणं लहानुजीदादांवर नाही. लाइनमन वसंतानं स्वतःच्या हातानं फ्यूज काढला होता आणि ते तुम्हाला सांगायला तो इथं आला होता, मी त्याला सांगू दिलं नाही. त्यानंतर कुठलीही फोड न करता पूर्ण गाणं ऐकवायचं आहे. एवढं मी वसंताचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.