भच्या डोक्यावरची फट

महाराष्ट्र राज्य नवीन झालं त्या काळात मी नांदुऱ्यात पाट्या रंगवायचो. माझं अक्षर जाड. चपट्या ब्रशनं, हातानंच काढलेलं, जाता जाता बैलगाडीतूनही वाचता येईल असं. सरकीच्या दुकानापासून टुरिंग टॉकीजच्या फळ्यापर्यंत सगळ्यांना तेच हवं असायचं. पण पुढे त्याच अक्षरानं मला पार वैताग आणला.

बाजारात दोन भावांचं धान्याचं दुकान होतं. त्यांची वाटणी झाली, मधे भिंत आली, आणि दोघांनीही बापाच्या वेळचं 'धान्य भांडार' हेच नाव ठेवलं. थोरल्याची पाटी मी करून दिली. ती टांगली न टांगली तोच धाकटा माझ्या दुकानात हजर.

"पेंटर, मले त्याच्याहून जाड अक्षर पायजे."

दिलं काढून. मग थोरला आला. त्याला धाकट्याहून जाड हवं. की पुन्हा धाकटा. एकाचा रंग वाळत नाही तर दुसऱ्याचं बोलावणं.

शेवटी मी धाकट्याला म्हणालो, "भाऊ, भच्या डोक्यावर फट लागते. धच्याही. आणखी जाड केलं तर बुजून जाईल."

"कोन पाह्यते तेवढं? तू काढ."

"वाचता नाही येणार."

"दुरून दिसलं म्हंजे झालं."

काढलं मी. थोरल्यालाही मग तसंच काढून द्यावं लागलं.

बाजाराच्या दिवशी एक शेतकरी खांद्यावर पोतं घेऊन धाकट्याच्या ओट्यापाशी थांबला आणि मोठ्यानं वाचू लागला, "घान्य मांडार."

त्याच्या सोबत्यानं विचारलं, "काऊन थांबला बे?"

"घान इकून राह्यले वाट्टे इथं."

सगळा रस्ता हसला. थोरला तर पोट धरून हसत होता. मग त्या शेतकऱ्यानं मान वळवून त्याचीही पाटी तशीच वाचली.

दुपारी दोघं माझ्याकडे आले. वाटणीपासून एकमेकांचं तोंड न पाहणारे हे भाऊ माझ्या दारात खांद्याला खांदा लावून उभे.

"बापाचं नाव घालवलं तू आमच्या," थोरला म्हणाला.

"हाव ना, दादा," धाकटा म्हणाला.

"मी आधीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"सांगतलं होतं त मंग काढलं काऊन?" धाकट्यानं विचारलं.

मी दोन्ही पाट्या खरवडल्या, पुन्हा रंगवल्या, फटी नीट मोकळ्या ठेवल्या. ते दोघं थोरल्याच्या ओट्यावर बसून माझ्यावर लक्ष ठेवत होते. मधेच त्यांचं तुरीवर बोलणं सुरू झालं, मग कोणीतरी चहा मागवला. मला कोणी विचारलं नाही.

पाट्या टांगून झाल्यावर धाकटा मागे सरकून पाहू लागला.

"अक्षर जरा बारीकच झालं, नाई का दादा?"

थोरल्यानं मान डोलावली. मी शिडी खांद्यावर घेतली आणि घरी निघालो.