टोपी राहिलेलं चित्र

आमचे हे, सेव्हरिन थ्राने, पेशाने डॉक्टर; पण नाडी कमी पाहिली, कुत्र्याच्या छत्र्याच जास्त. इकडे होर्सेन्स गावाच्या बाजूला लोक त्यांना बेडकाच्या टोप्या म्हणतात आणि दिसली की लाथ मारतात. ह्यांनी मात्र जन्मभर त्यांची चित्रं काढली. ती कोपनहेगनला तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जायची, आणि छापील पानांत रंग भरायला मी होतेच घरची, फुकटची. डोळे गेले माझे त्यात.

ह्यांच्या पुस्तकातलं एकच चित्र उरलं आणि ह्यांनी अंथरूण धरलं. उरली होती शाईटोपी. सकाळी पांढरीशुभ्र, दुपारपर्यंत टोपी वितळून नुसतं काळं पाणी. ह्यांचा हात आता फार हळू चालायचा. मी रोज पहाटे उकिरड्यावरून एक खुडून आणायची. खालच्या दांड्याचं चित्र होतंय तोवर वरची टोपी बशीत पाघळलेली. मी थकून गेले अगदी.

"अहो, कालच्या दांड्यावर आजची टोपी चढवा ना!"

"दुसऱ्याचं मुंडकं लावून माणसाचं चित्र काढतात का गं?"

न खुडलेली जरा जास्त टिकते. म्हणून शेवटी शेजारच्या लाउरिडसच्या शेणाच्या गाडीत घालून ह्यांनाच उकिरड्याशी नेलं.

"काय डॉक्टर, खत न्यायला आलात होय?" लाउरिडस खिदळला.

"हस मेल्या. पण ह्या टोपीला लाथ मारलीस तर बघ," हे म्हणाले.

कागदावर दांडा झकास उतरला. मग पेन्सिल गळून पडली. श्वास अडकायला लागला. टोपीची कडा काळी पडत होती.

"अबेलोने, टोपी तू काढ. लवकर!"

मी त्यांचा हात धरला होता. "नाही सोडणार."

"अगं, वितळतेय ती!"

"खड्ड्यात गेली तुमची टोपी!" मी ओरडले, आणि रडायलाच लागले.

हे माझ्यावर चिडलेले असतानाच गेले. नजर टोपीवर, हात माझ्या हातात.

पुस्तक निघालं. शेवटच्या पानावर नुसता दांडा आहे. लांबून लांबून विद्वान येतात, वर टोपी का नाही म्हणून विचारतात. काय सांगू त्यांना? सगळा जन्म त्या टोप्यांनी नेला होता, बाबांनो. तेवढा एक क्षण मला हवा होता.