इस्त्रीबाईंचा ठिय्या

एस्तेरमावशी प्रार्थनेत देवाशी भांडायच्या. तेही शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "देवबापा, त्या चंद्राबाईच्या सुनेचं काय ठरवलंस? मी सोमवारी सांगितलं व्हतं, आज गुरुवार हाय," अशी सुरुवात. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती. त्यामुळे दौंडच्या आमच्या चाळीत कोण आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाचा नवरा कामावर गेला नाही, हे मला रोज सकाळी भिंतीपलीकडून कळायचं. शेवटचं "आमेन"सुद्धा असं, की आता बघतेच कसं करत नाहीस ते.

रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं. लोकांची घाण उपसली, अडलेल्या बायकांचे हात धरले. पण घराबाहेर पडताना साडी पांढरी आणि कडक इस्त्रीची. एस्तेर हे नाव चाळीच्या जिभेवर बसेना. त्याचं इस्तर झालं आणि साडीमुळे पुढे इस्त्री. तोंडावर कुणी "इस्त्रीबाई" म्हटलं तरी त्या रागवायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "आपण चुरगळलेले दिसलो ना, की लोक आणखी चुरगळतात."

नाताळात त्या घरोघरी करंज्यांचं ताट पाठवायच्या. पलीकडचं एक घर ते ताट हसून घ्यायचं आणि मागच्या दाराने गाईला घालायचं. मावशींना हे पक्कं ठाऊक होतं. तरी दरवर्षी ताट जायचंच. मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांनी काय करायचं ते त्यांचं. त्यांच्यापायी मी द्यायचं का थांबवू?" मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "गाईला लई आवडतात."

माझं लग्न शिरूरला झालं होतं. नवरा मारायचा. दीड वर्ष सोसलं आणि एका दुपारी अंगावरच्या कपड्यांनिशी माहेरी आले. डी.एड.ची प्रमाणपत्रं तिकडेच राहिली. ती मागितली, तर "आधी नांदायला ये" असा निरोप आला. बाबा म्हणाले, "जा बाई परत. लोक बोलायला लागलेत."

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्या दारात. "भाऊ, पोरगी जाईल शिरूरला. पण कागदं आणायला. मी जाते संगं."

"तुम्ही कशाला मधे पडता? लोक काय म्हणतील?"

"लोकांशी मी बोलते. तुम्ही चहा घ्या."

एसटीने चौफुला, न्हावरा करत आम्ही शिरूरला उतरलो. नवरा कंपनीत गेला होता. सासरे पडवीत खुर्चीवर होते. मावशींनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आप्पा, पोरीची कागदं द्या. आम्ही जातो."

"कसली कागदं? आमच्याकडं न्हाईत."

"मग सापडंस्तोवर बसते." आणि त्या खरंच ओट्यावर बसल्या. मी फाटकाजवळ घुटमळत होते. मला हाताला धरून शेजारी बसवलं. "मान वर," एवढंच म्हणाल्या.

सासूबाई भिंत धरत दारात आल्या. "सून बाटवायला आलीस व्हय गं?"

"तिचा देव तिच्यापाशी हाय, बाई. मी कागदं न्यायला आलेय."

ऊन चढलं. गल्लीतल्या बायका कुंपणापाशी जमल्या. मावशींनी डोळे मिटले आणि सुरू झाल्या, नेहमीच्याच आवाजात. "देवबापा, या घराला विसर पडलाय, तू आठवण दे. लेकीनं रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलंय ते. आन् या माउलीच्या गुडघ्याकडं बघ. भिंत धरल्याबिगर तिला पायरी उतरता येत न्हाई, तरी घरात कुणी विचारत न्हाई."

सासरे उठले. "हा काय तमाशा लावलाय दारात?"

मावशींनी डोळे उघडले. "तमाशा पोरीला मारलं तवा झाला, आप्पा. आता प्रार्थना चाललीय." आणि पुन्हा मिटले.

चार वाजायला आले तेव्हा सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. हातात माझी फाइल. तिला गव्हाचं पीठ लागलेलं. डब्यात दडवली होती. सासरे ओरडले, "कुणाला इचारून काढलीस?" सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फाइल माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "नीट ठेव."

जाता जाता मावशींनी त्यांचा गुडघा दाबून पाहिला. "सूज हाय. डॉक्टरला दाखवा, तेलानं भागायचं न्हाई."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मावशी, भ्यालात?"

"लई. पण ते त्यांना कशाला दाखवायचं?"

पुढे मला भांडगावकडच्या एका शाळेत नोकरी लागली. इतक्या वर्षांत मावशींनी मला एकदाही चर्चला चल म्हटलं नाही. त्यांच्या देवाबद्दल मी विचारलं तर सांगायच्या, नाहीतर नाही. तरी शाळेत एका बाईंनी खडा टाकलाच, "त्या बाईनं तुम्हाला बदललं म्हणे?"

"हो," मी म्हटलं. "आधी मी भ्यायचे."

मावशी गेल्या त्या दिवशी एका नातेवाइकाचा फोन आला. लांबूनच हात जोड, त्यांच्यात जास्त मिसळू नकोस. मी फोन बंद केला आणि गेले. मावशींना मूलबाळ नव्हतं. शवपेटी उचलायची वेळ आली तशी मी पुढे झाले. चर्चचे पाळकसाहेब अदबीने म्हणाले, "ताई, पुरुषमंडळी आहेत ना."

"आहेत ना. मागून येऊ देत."

चाळीतल्या तिघी न बोलावता आल्या. पदर खोचले आणि आम्ही चौघींनी पेटी उचलली. रस्त्याच्या कडेला लोक थांबून बघत होते. काहींनी मोबाइल काढले. पेटी जड होती. दोनदा मागून कुणीतरी म्हणालं, खांदा बदला. कबरस्तानाच्या फाटकापर्यंत मी बदलला नाही.